मूळ प्रतीतली रिकामी जागा

नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याच्या अंगाला गेलं की आळे गाव लागतं. तिथे एका रेड्याची समाधी आहे. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना पैठणला शुद्धिपत्र मागावं लागलं. तिथे पखाल वाहून नेणाऱ्या रेड्याच्या मस्तकावर ज्ञानदेवांनी हात ठेवला आणि त्याच्या मुखातून वेद उमटला, ही कथा मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. तो रेडा पुढे भावंडांबरोबर चालत आला आणि आळ्याला त्याचा देह पडला, अशी आमच्या जुन्नर-आंबेगावकडची श्रद्धा आहे.

ही कथा मी समतेची म्हणून ऐकत आले. जे पंडिताच्या मुखात, तेच मुक्या जनावराच्या मुखात. पण तिच्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो माझ्या रोजच्या कामातून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. वेद बोलून झाल्यावर तो रेडा तोच राहिला, की दुसरा कुणी झाला? आणि जे त्याच्या मुखातून आलं, ते त्याचं होतं का?

मी अवसरी खुर्दला राहते आणि संगणक शिकवते. गावात 2009 साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, तंत्रनिकेतनही आहे, त्यामुळे संगणक ही इथे नवलाईची वस्तू नाही. आसपासच्या प्राथमिक शाळांतले लॅपटॉप मात्र साधे आहेत. देणगीतून आलेले, चार जीबी मेमरीचे, 32 जीबी साठवणीचे, हलक्या प्लास्टिकचे. मूळची सिस्टीम आणि तिचे अपडेट मिळूनच ती साठवण भरून जाते. वर्ष संपेपर्यंत यंत्र उघडायलाच एवढा वेळ लागतो की तास निम्मा सरतो. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे लॅपटॉप एकत्र आणायचे, पूर्ण पुसायचे आणि सगळ्यांवर एकदम हलकी लिनक्स सिस्टीम चढवायची, हे काम माझ्याकडे येतं.

त्याची रीत सांगते. आधी एक लॅपटॉप मनासारखा तयार करायचा. मराठी टंकलेखन, जीकॉम्प्री, स्क्रॅच, टर्टल आर्ट, लिब्रे ऑफिस, सगळं त्यावर नीट बसवायचं. मग त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची. तिला आम्ही इमेज म्हणतो. तैवानमधल्या मंडळींनी घडवलेलं क्लोनझिला नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी कामी येतं. बाकीचे लॅपटॉप पेनड्राइव्हने जागे करून केबलने एका स्विचला जोडायचे. मग मूळ प्रत एकदाच पाठवायची आणि सगळ्यांनी ती एकाच वेळी उचलायची. एकेकाला वेगळं वाढावं लागत नाही. टेबलांवर ओळीने मांडलेल्या यंत्रांवर टक्क्यांचे आकडे बरोबरीने चढत जातात. शेवटी सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र, एकच मेन्यू.

असंच एकदा काम चाललेलं असताना चौथीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिच्या लॅपटॉपच्या पाठीवर मोराचं स्टिकर होतं, त्यावरून तिने तो ओळखला.

"बाई, सगळं पुसलं का?"

"हो गं, आता नवीन घातलंय."

"मग हा माझाच आहे का?"

तिची चित्रं मी आधीच काढून ठेवली होती, ती तिला दाखवली. ती खूश होऊन गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला, कारण 'हो' म्हणावं तर कशाच्या आधारावर म्हणावं, हे मला सांगता येईना.

आपल्याकडे असल्या प्रश्नाला गीतेतलं उत्तर तयार असतं. जुनं वस्त्र टाकून माणूस नवं नेसतो, तसा देही जुनं शरीर टाकून नवं घेतो. पण माझ्या टेबलावर नेमकं उलटं घडत होतं. शरीर तेच होतं. तेच प्लास्टिक, तीच सैल झालेली कळ, तेच मोराचं स्टिकर. बदलला होता तो आत राहणारा. पुनर्जन्मात देह बदलतो आणि राहणारा टिकतो. इथे देह टिकला आणि राहणारा बदलला. म्हणजे पुनर्जन्माची मांडणी इथे लागू पडत नव्हती.

लागू पडेल असं उदाहरण मला लेण्याद्रीला सापडलं. गिरिजात्मजाचं देऊळ ज्या सातव्या लेण्यात आहे, ते लेणं मुळात बौद्ध विहार. मधल्या प्रशस्त दालनाभोवती भिक्खूंच्या खोल्या कोरलेल्या आहेत. त्या आजही दिसतात. डोंगर तोच, दालन तेच, वस्तीला आता गणपती. अष्टविनायकाच्या यात्रेला येणारे लोक ज्या दगडाला नमस्कार करतात, त्याने आधी दुसरी प्रार्थना ऐकलेली आहे. मग लेणं तेच म्हणायचं की दुसरं?

त्या विहारात राहणाऱ्या भिक्खूंच्या परंपरेनेच या प्रश्नाला उत्तर दिलेलं आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, नागसेन भिक्खूला विचारतो की पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा. नागसेन सांगतो की तो तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. एका अवस्थेतून दुसरी अवस्था निघते आणि मधली साखळी तुटत नाही, एवढंच सातत्य असतं. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. पण लॅपटॉप पुसताना नेमकी ही साखळीच तुटते. कालच्या अवस्थेतून आजची निघत नाही, आजची बाहेरून येते. मुलीचं कालचं चित्र आणि आजचा कोरा पडदा यांच्यात कार्यकारणाचा धागा उरत नाही. तो टिकवायचा तर कुणाला तरी मुद्दाम टिकवावा लागतो.

घरी सासऱ्यांना, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मी हे सगळं सांगितलं. आबा आमच्या भजनी मंडळात वीणा घेतात. ते म्हणाले, "अगं, सगळ्यांत एकच घातलंस ना? मग झालं की. एकच चैतन्य सगळ्या घटांत. अद्वैत ते हेच."

आबांशी मी वाद घालत नाही, पण या वेळी घातला. म्हटलं, "आबा, मी जे घालते ते पुसता येतं, मोजता येतं. पुढच्या वर्षी त्याची नवी आवृत्ती येते. आत्म्याची नवी आवृत्ती येते का?" आबा हसले नाहीत. विचारात पडले. मीही पडले.

सगळ्यांत सारखं असलेलं ते खरं आणि वेगळं असलेलं ते वरवरचं, असं आपण फार सहज धरून चालतो. पण ज्याची प्रत काढता येते, ते आत्मतत्त्व असूच शकत नाही. प्रत काढता येते ती पाहिल्या जाणाऱ्या गोष्टीची. पाहणाऱ्याची नाही. त्या वर्गखोलीत सगळ्या यंत्रांत जे समान होतं, ते किमतीने कमी नव्हतं. ते ज्ञान होतं, अनेकांनी वर्षानुवर्षं खपून घडवलेलं. पण ते अंतिम नव्हतं. मग त्याचं मोल कशात?

याचं उत्तर शोधताना मला कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याची शाळा आठवते. एका खोलीची, एका गुरुजींची, पहिली ते चौथी एकत्र बसणारी. एमआयटीच्या निकोलस नेग्रोपाँटी यांनी 2005 साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. 2006 साली केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली. तरी 2007 साली भारतातला त्याचा पहिला प्रयोग झाला तो या धनगरवाड्यावर. एक्सओ नावाचं ते हिरवं-पांढरं यंत्र होतं. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी मेमरी, एक जीबी साठवण. पंखा नाही, फिरती डिस्क नाही, भर उन्हातही वाचता येईल असा पडदा. प्रत्यक्षात ते शंभर डॉलरला कधीच बसलं नाही, जवळपास दुप्पट पडलं. पण डोंगरातल्या मुलाच्या हातात स्वतःचं यंत्र आलं, ही गोष्ट किमतीपेक्षा मोठी होती.

पुढे उरुग्वे आणि पेरू या देशांत ही यंत्रं लाखोंनी गेली आणि तिथे माझ्याच कामाचा प्रश्न पर्वताएवढा होऊन उभा राहिला. एवढ्या यंत्रांवर सिस्टीम पुन्हा चढवायची कशी? एकेकाला पेनड्राइव्ह लावत बसलं तर वर्ष जाईल. मिच ब्रॅडली यांनी या यंत्राचं मुळाशी असलेलं सॉफ्टवेअर, ओपन फर्मवेअर, घडवलं होतं. त्यातूनच नँडब्लास्टर नावाची सोय निघाली. एक यंत्र बिनतारी लहरींवरून अख्खी सिस्टीम तुकड्यातुकड्यांनी प्रक्षेपित करत राहतं. भोवतालची कितीही यंत्रं ते तुकडे टिपतात. सोबत जादा तुकडे पाठवले जातात, त्यामुळे काही वाटेत हरवले तरी उरलेल्यांवरून ते पुन्हा उभे करता येतात. पाठवणारं यंत्र थांबत नाही, पुन्हा पहिल्यापासून फेरी धरतं. मध्येच सामील झालेल्या यंत्रालाही मग काही उणं पडत नाही. हुकलेलं पुढच्या फेरीत मिळतं.

वेदपाठकांनी हीच काळजी वेगळ्या मार्गाने घेतली होती. जटापाठ आणि घनपाठ यांत पदं उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हटली जातात. म्हणून लिहिलेल्या पानाशिवायही हजारो वर्षं अक्षर हललं नाही. जे जसंच्या तसं पोहोचवायचं, त्यासाठी पुनरुक्ती लागते, हे दोघांनीही ओळखलं. फरक इतकाच की पाठशाळेचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं.

आबांना मी नँडब्लास्टरची रीत सांगितली तेव्हा ते चटकन म्हणाले, "मग हे तर कीर्तन झालं. उशिरा आलेल्याला कीर्तनातून कुणी परत पाठवतं का?" हे त्यांचं बोलणं मला पटलं. कानात सांगायचा मंत्र एका वेळी एकालाच देता येतो आणि तो कुणाला द्यायचा हे देणारा ठरवतो. वारकऱ्यांनी 'रामकृष्णहरी' कधी झाकून ठेवलं नाही. दक्षिणेत रामानुजांबद्दलही अशीच परंपरागत कथा आहे. गुरूने गुप्त ठेवायला सांगितलेला मंत्र त्यांनी तिरुक्कोष्टियूरच्या देवळावर चढून सगळ्या गावाला ऐकवला. त्याचं पाप आपल्या माथी घ्यायलाही ते तयार होते. वाटल्याने जे कमी होत नाही, ते अडवून ठेवण्याला धर्मात आधार नाही, ही त्या कथेची शिकवण. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना कायद्याच्या भाषेत हेच सांगतो.

एक्सओमध्ये आणखी एक व्यवस्था होती, तिच्याबद्दल मी फार विचार केला आहे. सुरक्षा चालू असलेलं यंत्र कुणीही पाठवलेली सिस्टीम स्वीकारत नसे. तिच्यावर योग्य डिजिटल स्वाक्षरी आहे का, हे ते आधी तपासे. नसेल तर नाकारे. आपल्याकडे अधिकार विचारला गेला तो घेणाऱ्याचा. तुझं कूळ कोणतं, तुझे आईबाप कोण, शुद्धिपत्र आहे का? पैठणला चार लहान मुलांना हेच विचारलं गेलं. या स्वस्तातल्या यंत्राने प्रश्न उलटा फिरवला. तू मला जे देतोस, ते देणारा तू कोण? तुझी सही कुठे आहे? मुलांच्या डोक्यात काही ओतणाऱ्या प्रत्येकाला, शिक्षकाला, पुढाऱ्याला, बुवाला, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. घेणाऱ्याने फक्त तहान आणावी. दाखला द्यावा तो देणाऱ्याने.

इथवर समानतेची बाजू झाली आणि मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. आळ्याच्या समाधीकडे मात्र पुन्हा नीट पाहायला हवं. वेद तर असंख्य मुखांतून आला. ती सगळी मुखं काळात विरून गेली. समाधी बांधली गेली ती या एका रेड्याची. त्याने जे म्हटलं ते सगळ्यांचं होतं, पण भावंडांबरोबर जी वाट तो चालला, ती त्याची एकट्याची होती. लोकांनी जपलं ते हे दुसरं.

प्रती काढण्याच्या कामातच याचा पुरावा आहे. आधुनिक लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राची एक ओळखसंख्या असते. यंत्र पहिल्यांदा सुरू होताना ती आपोआप तयार होते आणि एका छोट्या फाइलमध्ये बसते. मूळ यंत्राची प्रत तशीच सगळीकडे चढवली, तर सगळ्यांची ओळखसंख्या एकच होते. मग नेटवर्कवर गोंधळ उडतो. कधी दोन यंत्रांना एकच पत्ता मिळतो आणि दोन्हींचं बोलणं तुटतं. म्हणून जाणकार माणूस इमेज काढण्याआधी ती फाइल रिकामी करतो. बाकी सगळं भरलेलं, तेवढी जागा मोकळी. नवं यंत्र पहिल्यांदा डोळे उघडतं तेव्हा त्या जागी स्वतःची संख्या स्वतःच लिहितं. मूळ प्रत परिपूर्ण व्हायला तिच्यात ही मोकळी जागा असावीच लागते.

शिक्षणाबद्दल आणि गुरूबद्दल याहून नेमकं काही मला दुसरीकडे सापडलेलं नाही. सगळं द्या, सारखं द्या, पण शिष्याचं नाव त्याचं त्याला लिहू द्या. तीही जागा स्वतःच्या नावाने भरून देणारा गुरू शिष्य घडवत नाही, स्वतःच्या नकला काढतो. आणि नकला एकमेकींशी बोलूही शकत नाहीत.

वेगळेपण हा दोष नाही, हे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या माळावर गेल्यावर डोळ्यांनी दिसतं. तिथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. बांधणीने सगळ्या सारख्या. 14 तबकड्या मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत आणि बाकीच्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या, साऱ्यांचा पसारा पंचवीसेक किलोमीटरचा. सगळ्या एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे पाहतात. त्या एकाच जागी रचल्या असत्या तर दूरच्या आकाशगंगेचं बारकाव्याचं चित्र कधीच मिळालं नसतं. प्रत्येकीची जागा वेगळी, म्हणून प्रत्येकीला तीच लहर थोड्या वेगळ्या क्षणी भेटते आणि त्या फरकातूनच चित्र उभं राहतं. फरक काढून टाकला तर दृष्टीच जाते.

ज्ञानदेवांनी हे तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडून ठेवलं आहे. शांकर वेदान्ताच्या चालीने जग पाहिलं तर भेद हा उपाधीमुळे भासतो आणि ज्ञान झालं की तो मावळतो. अमृतानुभवात ज्ञानदेव वेगळी वाट धरतात. सातव्या प्रकरणात ते अज्ञान नावाच्या वस्तूचंच खंडन करतात. ती झाकणारी वस्तूच नाही म्हटल्यावर जग हा भ्रम उरत नाही. एकच चैतन्य स्वतःच्या आनंदाने अनेक रूपांनी प्रकटतं. यालाच अभ्यासक चिद्विलास म्हणतात. एकच असणं जितकं खरं, तितकंच त्या एकाचं अनेकपणे खुलणंही खरं.

यातून माझ्या टेबलावरच्या कामाचा निकाल लागतो. वर्षभरात त्या लॅपटॉपवर मुलांनी जे केलं, टर्टल आर्टच्या कासवाने रेघा ओढत काढलेलं फूल, आजीच्या तोंडून ऐकून टंकलेली अर्धीमुर्धी गोष्ट, पाढ्यांचा चुकलेला तक्ता, हे सगळं 'कचरा' म्हणून पुसायचं की 'विलास' म्हणून जपायचं? एक्सओच्या शुगर या प्रणालीत फायलींचा पसारा नव्हता. मुलाने काय केलं याची रोजनिशी आपोआप राहत असे, तिचं नावच जर्नल. पूर्ण सिस्टीम नव्याने चढवली की जर्नलही जाई. म्हणून शाळेच्या सर्व्हरवर तिची प्रत ठेवण्याची व्यवस्था त्याच मंडळींनी केली होती. त्यांना ठाऊक होतं की सिस्टीम उद्या पुन्हा मिळेल, हजार ठिकाणी मिळेल. सात वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा लिहिलेलं वाक्य जगात एकाच ठिकाणी असतं.

एका शाळेत कुणी मुलांना न विचारता सगळे लॅपटॉप पुसून टाकले, ते मी पाहिलं आहे. यंत्रं छान चालू लागली. मुलं आठवडाभर त्यांच्याजवळ फिरकली नाहीत. तिथल्या एका शिक्षकांना वाटलं, मुलांना आवड नाही. मला वाटतं, आपलं केलेलं इथे राहत नाही हे मुलांना कळलं होतं. असं मूल पुढच्या वेळी जीव ओतून काही करत नाही. आणि जीव न ओतता केलेल्या कर्मातून संस्कार तरी कुठून उमटणार?

जपणं म्हणजे सगळं साठवत राहणं असंही मी म्हणत नाही. 32 जीबीत ते बसत नाही आणि माणसाच्या आयुष्यातही बसत नाही. सोडावं लागतंच. पण कोण सोडतं, यावर सगळं अवलंबून आहे. आपलं आपण सोडलं तर तो त्याग होतो, त्याने माणूस मोकळा होतो. तेच दुसऱ्याने पुसलं तर ते हिरावणं होतं. कृती तीच, पण एकीने मूल मोठं होतं आणि दुसरीने खचतं. वैराग्य कुणी कुणावर लादू शकत नाही, चौथीतल्या मुलावर तर नाहीच.

म्हणून पुसायच्या दिवसाआधीचा एक दिवस मी मुलांसाठी राखून ठेवते, आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाने तो ठेवावा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. त्या दिवशी प्रत्येक मुलाने आपल्या लॅपटॉपसमोर बसावं, वर्षभराचं आपलं काम पाहावं, काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं ते स्वतः ठरवावं. ठेवलेलं त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये पेनड्राइव्हवर घ्यावं आणि जूनमध्ये शाळा भरल्यावर पहिल्याच तासाला त्याच्या हाती परत द्यावं. यंत्राला नवं नाव द्यायचं असेल तर तेही मुलानेच टंकावं. याला खर्च नाही, सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. लागतो तो एक दिवस आणि मुलाला विचारण्याची तयारी. सगळ्यांना सारखं देणं हा समतेचा अर्धा भाग झाला. प्रत्येकाने त्याचं काय केलं, हे थांबून पाहिलं तरच तो पूर्ण होतो.